बरा आणि बरोबर

वहीत दोन रकाने आहेत.
एकावर लिहिलंय ‘बरा’, दुसऱ्यावर ‘बरोबर’.
मधली रेघ श्रेणिक मगदूमनं मारली, पट्टी न लावता,
म्हणून ‘बरोबर’ खाली जाता जाता अरुंद होत गेलाय.

दर रविवारी रात्री साडेनऊला
दस्तगीरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली येतं.
गणपती पेठेत तेव्हा फक्त कुत्री आणि आम्ही पाच जण.
पोट उघडे मिक्सर बाजूला सारून
‘सातवी कक्षा’ बघतो,
दुरुस्तीला टाकून कुणी न्यायलाच न आलेल्या टीव्हीवर.
पडद्याचा डावा कोपरा हिरवा,
त्यामुळे प्रत्येक ग्रहावर थोडं शेवाळ.

श्रेणिकचा ट्रॅक्टरच्या पार्टचा धंदा.
“यानाचं दार बघ की, बॉयलरचं झाकण हाय मर्दा,
मिरजेच्या भंगारात शंभराला दोन!
आणि अवकाशात आवाज कुठनं आला?”
शिवलीला कॉलेजात फिजिक्स शिकवते.
ती म्हणते, “आवाज असू दे. माणसं कशी वागली ते बोल.”

तेराव्या भागात त्यांनी यंत्राच्या आठवणी पुसल्या.
“ते रडत होतं,” शिवलीला म्हणाली.
“स्पीकर होता तो,” दस्तगीर म्हणाला, “मी रोज दहा पुसतो.”
पुढचे तीन रविवार
भडंगाचा कागद माझ्या हातून इकडून तिकडे.

ऐनापुरेकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त.
कुठलाही भाग असो, त्यांचे गुण पाच आणि पाच.
आम्ही त्यांना धरतच नव्हतो.

मग तेविसावा भाग आला, ‘झडप’.
मागच्या दालनात पाणी शिरतं. आत अकरा माणसं.
कप्तान बाई बटण दाबते.
तिच्या डोळ्यांतलं पाणी, जवळून, आणि सारंगी.

श्रेणिकनं ‘बरा’त आठ दिले, त्याच्या इतिहासात पहिल्यांदा.
शिवलीलानं ‘बरोबर’मध्ये शून्य:
“चारशेतनं अकरा वजा करायला ही काय भाजी आहे?”
“मग चारशे बुडवू?” दस्तगीर उठून उभाच राहिला.
त्याच्या पाठीमागं भिंतीवर पुराची रेघ.
दोनदा रंग दिला, तरी उमटतेच.

“सारंगी वाजत नाही,”
ऐनापुरेकाका म्हणाले.

“फोन वाजतो.
पलीकडचा विचारतो, किती उघडली, किती वाजता.
आमच्याकडे झडप उघडायची असायची, एवढाच फरक.
नाही उघडली तर धरण, उघडली तर खालची गावं.
बटण दाबणारा मी नव्हे. मी नुसता लिहिणारा.
पण हात ओला, पेन उठत नाही.
दुसरं पेन शोधायला लागतो
तेवढाच वेळ असतो, काय वाटून घ्यायचं ते वाटून घ्यायला.”

कुठलं साल, कुणी विचारलं नाही.
भिंतीकडं न बघायला
मान जरा अवघडते.

शिवलीलानं हळूच विचारलं, “मग काका, बरोबर होतं का?”
त्यांनी वही ओढली.
‘बरा’त तीन. “सारंगीचे कापले.”
‘बरोबर’च्या चिंचोळ्या जागेत वळणदार सरकारी अक्षरात
२.४०
आणि चप्पल घालून गेले.

पुढच्या रविवारी ते आले.
दोन सूर्यांचा ग्रह होता.
“सूर्य दोन, मग सावली एकच कशी?” श्रेणिक ओरडला.
काकांनी पाच आणि पाच दिले.
भडंगात शेंगदाणे कमी होते, त्यावर वेगळं भांडण झालं.

मालिका संपली. सरासरी काढायचं काम माझ्याकडं.
तेविसाव्या ओळीशी मी अडून बसलेय.
दोन पूर्णांक चाळीस धरले तर आकडा घसरतो,
सोडून दिले तर
एक भाग कमी भरतो.